नाकात शिसं नको

डंकन फॉर्डाइस मंगळवारी येतो,
गोरला मेंढ्यांचा लिलाव असतो त्या दिवशी,
स्वतःच्या मेंढ्या विकून सात वर्षं झाली तरी.
काउंटरवर आधी टोपी ठेवतो, मग कोपर, मग प्रश्न.
आमच्याकडे सगळ्यांचाच 'र' जरा गुरगुरतो,
त्याचा तर थंडीत चालू होऊ पाहणाऱ्या ट्रॅक्टरसारखा.

आज विमान आणलं नव्हतं, आकडे आणले होते,
सलगमाच्या बियांच्या पाकिटामागे पेन्सिलीने:
पंख सव्वासात फूट, वर एक, खाली एक,
वजन इंजिनाशिवाय साडेपाच किलो आणि थोडं.
थोडं म्हणजे रंग.
पिवळा तो दोनदा देऊन बसलाय.

मी तीन इंजिनं काढून ठेवली.
टू-स्ट्रोक: हलकं, स्वस्त, कानाशी गांधीलमाशी.
उचललं, परत ठेवलं.
"बापाचं विमान असं केकाटत नव्हतं."
मग विजेची मोटर: तेल नाही, धूर नाही, आवाज नाही.
"मग मी माळावर उभा राहून ऐकू काय?"

तिसरं फोर-स्ट्रोक, तीस सीसी, पेट्रोलवरचं.
जड आहे, मी म्हणाले.
जडच हवंय, तो म्हणाला.
बायप्लेनची शेपूट जड,
तोल साधायला लोक नाकात शिसं कोंबतात,
गळाची वजनं, टायरची वजनं,
एकाने तर चर्चच्या जुन्या छपराचा तुकडा.
"मेलेलं वजन कशाला वाहायचं, पोरी?
त्याच जागी राबणारं बसव."

उलटं बसवावं लागेल, डोकं खाली,
तसं ते पटकन ओलं होतं, रुसतं, मी बजावलं.
"खरंही उलटंच होतं. खरंही रुसायचं."

त्याचा बाप होकोनुईच्या उतारांवर खत पेरायचा,
पुढची सीट काढून तिथे पत्र्याची पेटी,
दिवसाला साठ फेऱ्या,
संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा.
आई त्याला मागल्या दारी झाडूने झाडायची,
मगच चहा.
हे डंकनने पूर्वी कधीतरी सांगितलंय. आज नाही.

राहिले सर्वो. पाच.
मी डिजिटल काढले: धातूचे दाते, वीस किलोची ओढ,
पापणी लवायच्या आत साठ अंश.
तिथेच रेडिओला जोडून दिला.
त्याने उजवा अंगठा काडीवर ठेवला
आणि सर्वोचा चिमुकला हात थरथरू लागला.
बॅटरी उतरली असेल म्हणून बदलली.
दुसरा सर्वो लावला. तोही.
मग मी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं
आणि लगेच भिंतीवरच्या प्रोपेलरच्या किमतींकडे.

"साधे दाखव," तो म्हणाला.
साधे म्हणजे प्लॅस्टिकचे दाते, सहा किलो,
सांगितलेलं जरा सावकाश मनावर घेणारे.
जोडला. काडी हलली, हात वळला,
आणि ती थरथर
दात्यांच्या ढिलाईत कुठेतरी जिरून गेली.
"याला उशिरा ऐकू येतं," तो हसला. "जमेल आमचं."
वळताना उशीर होईल, मी म्हणाले.
"बायप्लेनला कसली घाई?
समोरून वारा आला की ते जागीच उभं राहतं."

एलेरॉनला दोन, एलेव्हेटरला एक, हे तीन साधे.
रडरला आणि थ्रॉटलला मात्र त्याने चपळच घेतले.
डावा हात अजून शहाणा आहे.

मग वजनकाटा मागितला.
इंजिन ठेवलं, खोकी फोडून सर्वो ठेवले,
स्क्रूसुद्धा.
पाकिटामागे बेरीज, वजाबाकी, खाडाखोड,
पेन्सिल कानावर.
बाहेर लिलाव सुटला होता, कुत्री भुंकत होती,
मेंढ्यांचे ट्रक एकामागून एक निघाले.

"चाळीस ग्रॅम उरतात," तो म्हणाला.
"बाल्साचा कोरायला घेतलाय त्याला.
टोपी धरून तेवढ्यात बसावं लागेल."